उद्यमबागेत उघडलेला डर्ट बाईकचा मागचा शॉक

माझ्याकडे २००८ सालची यामाहा वायझेड २५० एफ आहे. कोल्हापूरच्या एका निवृत्त रेसरकडून मी ती सात वर्षांपूर्वी घेतली आणि तेव्हापासून ती खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याच्या आतल्या बाजूला, मेहुण्यांच्या शेतालगतच्या खासगी माळावर चालते. मोटोक्रॉसची गाडी असल्यामुळे तिला रस्त्यावरची नोंदणी नाही आणि ती छोट्या हत्तीवर घालूनच इकडून तिकडे न्यावी लागते. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या मागच्या शॉकने, म्हणजे धक्के पेलणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरने, पूर्ण मान टाकली. तो बेळगावातच, उद्यमबागेतल्या हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करणाऱ्या एका लहान वर्कशॉपमध्ये, मी संपूर्ण उघडून नव्याने बांधून घेतला. हे त्या कामाचे परीक्षण आहे. वर्कशॉपचे नाव मी देत नाही, कारण मालकांनी तशी विनंती केली आहे. त्यांचे रोजचे काम प्रेस आणि जेसीबीच्या सिलिंडरांचे असून दुचाक्यांची रांग लागावी अशी त्यांची इच्छा नाही. तरीही हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटतो, कारण सीमाभागातल्या बहुतेक जुन्या डर्ट बाईकवाल्यांची समजूत अशी आहे की मागचा शॉक गेला की तो पुण्याला किंवा बेंगळुरूला पाठवण्यावाचून मार्ग नाही. मीही तीच समजूत बाळगून होतो आणि तिची किंमत मोजली आहे.

तीन वर्षांपूर्वी हाच शॉक मी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजकडे कुरिअरने पाठवला होता. परत आला तेव्हा तो बाहेरून नवा दिसत होता, स्प्रिंगला रंगही दिलेला होता. पहिले दोन महिने गाडी बरी चालली. त्यानंतर मात्र दहा-पंधरा मिनिटे सलग चालवली की मागचे चाक प्रत्येक खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळू लागे आणि उडीवरून उतरताना शॉक तळाला आपटल्याचा धक्का थेट पाठीच्या कण्याला जाणवे. थोडा वेळ गाडी उभी ठेवली की ती पुन्हा काहीशी सुधारत असे. तेल गरम होऊन पातळ होते तेव्हा स्प्रिंगची उसळी आवरण्याची शॉकची ताकद जाते, हे मला वाचून माहीत होते. पण त्या गॅरेजने तेल बदलले आहे असे पावतीवर लिहिले असल्यामुळे मी दोष स्प्रिंगमध्ये शोधत राहिलो. रिबाउंडचा, म्हणजे दाबलेला शॉक परत उलगडण्याचा वेग ठरवणारा, स्क्रू एकेक टिचकी करत मी जवळजवळ पूर्ण आत बसवला, तरी फरक पडेना. शेवटी आश्विनात शॉकमध्ये आत-बाहेर होणाऱ्या रॉडवर तेलाचा ओघळ दिसला आणि त्या ओघळावर आमच्याकडची तांबडी माती बसून तिचा असा लेप तयार झाला की तो पानाच्या काताइतका घट्ट होता.

जांभ्या दगडाची ही माती शॉकची खरी वैरी आहे. ती दिसायला मऊ असली तरी तिच्यात खरखरीत कण असतात. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की पावसाळ्यात ही माती चिखल होऊन मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या खाली, त्याला शॉकशी जोडणाऱ्या लिंकेजच्या सांध्यांत आणि शॉकच्या रबरी ठोकळ्याभोवती गच्च भरते. रॉडभोवतीचे सील कोरडे असेपर्यंत ते धूळ बाहेर पुसून टाकते, पण एकदा का तेल पाझरू लागले की तीच धूळ पॉलिश पेपरसारखे काम करते.

उद्यमबागेत जाण्याचा सल्ला मेहुण्यांनी दिला. त्यांच्या ट्रॅक्टरचा सिलिंडर तिथे दुरुस्त झाला होता. बेळगावाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की उद्यमबाग, मच्छे आणि नावगे या पट्ट्यात फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सची कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. व्हॉल्व्ह, पंप, सिलिंडर यांचे सुटे भाग येथून देशभर जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते याच गावात आणि १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले, तरी किर्लोस्कर रोड हे नाव आजही इथे आहे. दोन चाकांच्या वाहनाला लेथवरचा हात लागणे ही या गावाला नवी गोष्ट नाही, एवढ्याचसाठी हे आठवले.

आमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच आहे. मोठ्या प्रेसवर दाब साठवून ठेवण्यासाठी ॲक्युम्युलेटर नावाची टाकी असते. तिच्या आत रबरी फुगा असतो, फुग्यात नायट्रोजन भरलेला असतो आणि फुग्याभोवती तेल असते. माझ्या गाडीच्या शॉकला बाजूला जी छोटी टाकी जोडलेली आहे, तिची रचना नेमकी हीच आहे. रॉड आत शिरला की तो जितकी जागा व्यापतो तितके तेल टाकीत ढकलले जाते, फुगा आक्रसतो आणि त्यातल्या वायूच्या दाबामुळे तेलात पोकळी किंवा फेस तयार होत नाही. म्हणजे दुचाकीच्या गॅरेजला जे काम अनोळखी आणि धोक्याचे वाटते, ते ॲक्युम्युलेटर भरणाऱ्या माणसाच्या हातचे रोजचे काम आहे. नायट्रोजनची टाकी, दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि चार्जिंगची नळी त्यांच्याकडे भिंतीला साखळीने बांधून उभी होती. टायरच्या दुकानातही नायट्रोजन मिळतो, पण तिथली यंत्रणा टायरच्या दाबापुरती असते. या शॉकला सुमारे १० बार, म्हणजे जवळपास १४५ पीएसआय दाब लागतो.

वर्कशॉपचे मेस्त्री साठीच्या आसपासचे आहेत. त्यांनी शॉक हातात घेतला, रॉड दाबून पाहिला, कानाशी नेऊन पुन्हा दाबला. आतून गुळगुळ आवाज आला. "हवा शिरल्या आत. कुणी उघडलं हुतं काय हे आधी?" असे त्यांनी विचारले. मी मागची हकीकत सांगितल्यावर त्यांनी काहीही न बोलता टाकीच्या झाकणावरची टोपी काढली, व्हॉल्व्हवर आपला मापक लावला आणि काटा मला दाखवला. दाब २ बारच्याही खाली होता. उरलेला वायू सोडून दिल्यानंतरच त्यांनी झाकणाला हात लावला. हा क्रम मी मुद्दाम नोंदवतो, कारण दाब न सोडता झाकणाची सर्क्लिप, म्हणजे ते जागेवर धरणारी तारेची कडी, काढली तर झाकण गोळीसारखे सुटते. घरी शॉक उघडून पाहण्याचा उत्साह असणाऱ्यांनी निदान एवढे तरी ध्यानात ठेवावे.

फुगा ओढून काढला तेव्हा त्याच्या आत पाण्याचे थेंब होते. साध्या काँप्रेसरची हवा भरली की हवेतली वाफ आत जाते आणि थंड झाल्यावर तिचे पाणी होते. पूर्वीच्या गॅरेजने नायट्रोजनच्या नावाखाली काय भरले होते, याचा दुसरा पुरावा मला नको होता. तेल परातीत ओतले तेव्हा ते राखाडी होते आणि त्यावर चंदेरी झाक होती. मेस्त्रींनी दोन बोटांत ते चोळून माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "ह्याला तेल म्हणायचं काय, साहेब? ॲल्युमिनियम हाय हे सगळं." पिस्टनवरची पट्टी झिजून पिस्टनची कड सिलिंडरच्या भिंतीला घासत होती आणि तोच भुगा तेलात मिसळला होता. सुदैवाने सिलिंडरवर खोल ओरखडे नव्हते.

यानंतरचे दहा मिनिटांचे काम मला फार आवडले. रॉड पुसून, उजेडाकडे तिरका धरून, मेस्त्रींनी अंगठ्याचे नख वरपासून खालपर्यंत सावकाश ओढत नेले. दोन ठिकाणी नख अडकले. मला डोळ्यांनी तिथे काहीच दिसत नव्हते. भिंगातून पाहिल्यावर मोहरीच्या निम्म्या आकाराचे दोन खळगे दिसले. बहुधा चाकाने उडवलेल्या दगडांनी क्रोम फुटले असावे आणि ओलीने आत गंज धरला असावा. "नवीन सील घातलं तरी ह्या दोन जागी रोज फाटणार ते. पहिला रॉड करूया, मग सीलचं बघू," असा त्यांचा निर्णय होता. पूर्वीच्या गॅरेजने सील बदलले असेलही, पण रॉड तसाच ठेवल्यामुळे तो खर्च वाया गेला होता. माझ्या मते या वर्कशॉपचे सर्वांत मोठे गुण याच एका निदानाला द्यावे लागतील.

रॉड पोकळ असतो. त्याच्या आतून रिबाउंडची सुई हलवणारी दांडी जाते. ती काढून ठेवून, जुने क्रोम उतरवून, घासून, नव्याने हार्ड क्रोम चढवून पुन्हा मूळ मापाला ग्राइंड करण्यासाठी रॉड त्याच भागातल्या एका प्लेटिंग करणाऱ्याकडे गेला. क्रोमिंगनंतर रॉड काही तास २०० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत ठेवायला मेस्त्रींनी आवर्जून सांगितले. प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि तो तापवून बाहेर काढला नाही तर कठीण पोलाद ठिसूळ होऊन अचानक तडकू शकते. उडीवरून उतरताना ज्या रॉडवर आपला सगळा भार येतो, त्याच्याबाबत ही खबरदारी मी न सांगता घेतली गेली, याचे मला समाधान आहे. रॉड परत आल्यावर मायक्रोमीटरने पाच ठिकाणी माप घेऊन त्यांनी ते भिंतीवर खडूने लिहिले आणि सील बसण्याच्या भागातल्या मापाशी ताडून पाहिले.

पिस्टन उतरवण्याचे कामही तितक्याच शांतपणे झाले. रॉडच्या टोकाला नट सुटू नये म्हणून कारखान्यात टोक ठोकून पसरवलेले असते. ते कानशीने हलके घासूनच नट काढावा लागतो, नाहीतर आटे जातात. पिस्टनच्या दोन्ही बाजूंना पातळ पोलादी चकत्यांची चवड असते. ०.१ ते ०.३ मिलिमीटर जाडीच्या या चकत्या वाकून तेलाला वाट देतात आणि शॉकचा सगळा स्वभाव त्यांच्या क्रमावर ठरतो. मेस्त्रींच्या मदतनिसाने एक तार वाकवून चकत्या निघाल्या त्याच क्रमाने तिच्यात ओवल्या आणि तारेच्या वरच्या टोकाला लाल दोरा बांधला. जोडताना एकही चकती उलटसुलट झाली नाही.

दोन बाबतींत मात्र मला त्यांच्याशी वाद घालावा लागला. सिलिंडर दुरुस्त करणाऱ्याच्या सवयीने त्यांनी पिंपातले ३२ ग्रेडचे हायड्रॉलिक तेल भरण्याची तयारी केली होती. प्रेसचा रॉड सावकाश चालतो, तर मोटोक्रॉसच्या शॉकचा रॉड खड्ड्यांवर क्षणात आत-बाहेर करतो. त्यासाठी त्या तेलाच्या जवळपास निम्म्या घट्टपणाचे आणि तापले तरी फारसे पातळ न होणारे तेल लागते. मी सोबत नेलेला शॉक ऑइलचा डबा त्यांना दिला, त्यावरचे आकडे वाचून दाखवले आणि त्यांनी ते मान्य केले. दुसरा मुद्दा सीलचा होता. मापाचे सील बाजारात लगेच मिळत होते, पण त्या वेगाला आणि उष्णतेला ते टिकेल याची खात्री मेस्त्री स्वतःच देईनात. त्यामुळे सील हेड, फुगा, पिस्टनची पट्टी आणि तळाचा रबरी ठोकळा असा पूर्ण संच मी बाहेरून मागवला. त्यात १२ दिवस गेले. या दिवसांचा दोष वर्कशॉपकडे जात नाही. पण शॉकचे तेल आणि सील हे गाडीच्या मालकाने स्वतः ठरवून न्यावे लागते, हे येथे जाणाऱ्याने गृहीत धरावे.

वाट पाहण्याच्या काळात मी लिंकेज सोडवून नेले, ते बरे झाले. मागच्या शॉकला दोष देताना आपण लिंकेज विसरतो. त्यातल्या सुई बेअरिंगमधले ग्रीस तांबड्या मातीत मिसळून विटेसारखे झाले होते आणि तीन सुया चपट्या झाल्या होत्या. असा सांधा अडखळत असेल तर वर कितीही उत्तम शॉक बसवा, चाक मोकळे हलणार नाही. बेअरिंगे मापाने शहरातच मिळाली.

जोडणीच्या दिवशी मी सकाळपासून तिथे होतो. वाईसमध्ये शॉक उभा धरून तेल काठोकाठ भरले, पिस्टन आत सोडला आणि मदतनीस रॉड वरखाली करू लागला. तो घाई करू लागला की मेस्त्री आपल्या जागेवरून "निधान, निधान" म्हणत. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. त्या वर्कशॉपमध्ये मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात सरमिसळून चालतात आणि कोणालाच त्याचे काही वाटत नाही. प्रत्येक फेरीला तेलातून बारीक बुडबुडे वर येत, लाकडी हातोडीच्या दांड्याने बाहेरून टकटक केले की आणखी दोन-चार सुटत. जवळजवळ पाऊण तासाने बुडबुडे थांबले. फुगा तेलाच्या खालीच बसवला, तेव्हा कडेने तेल ओसंडून गेले आणि टाकीत हवेला जागा उरली नाही. सील हेड बसले, सर्क्लिप खाचेत नीट गेली आहे की नाही हे पेचकसाच्या टोकाने चारही बाजूंनी तपासले आणि मग १० बारपर्यंत नायट्रोजन भरला. दाबलेला रॉड हात सोडताच एकसारख्या गतीने, आवाज न करता बाहेर आला. तीच कसोटी त्यांनी पाच वेळा केली. शॉक रात्रभर टांगून ठेवला आणि सकाळी सीलखाली ठेवलेला कोरा कागद कोरडा आहे हे मला दाखवूनच ताब्यात दिला.

खर्चाचे आकडे असे आहेत. मजुरी नायट्रोजनसह ३,५०० रुपये, क्रोमिंग आणि ग्राइंडिंग २,२०० रुपये, बाहेरून मागवलेला संच ९,२०० रुपये आणि तेल १,९०० रुपये, म्हणजे शॉकचे १६,८०० रुपये झाले. बेअरिंगांचे १,४०० वेगळे. एकूण २३ दिवस लागले. रक्कम लहान नाही, परंतु कामाच्या मानाने मजुरी रास्त आहे, किंबहुना कमीच आहे.

तक्रारी आहेत आणि त्या सांगायला हव्यात. वर्कशॉपमध्ये फोन उचलला जात नाही, त्यामुळे क्रोमिंगहून रॉड आला की नाही हे पाहायला मला खानापूरहून तीन हेलपाटे घालावे लागले. हाती दिलेल्या कागदावर फक्त एकूण रक्कम आणि तारीख होती. कोणते भाग बदलले, किती दाब भरला, याची नोंद मी स्वतः माझ्या वहीत केली. शॉक देताना स्प्रिंगचा ताण आधी किती होता हे त्यांनी मोजले नव्हते. मी घरी आट्यांची लांबी मोजून ठेवली होती म्हणून निभावले. गाडीवर शॉक बसवून देणे, स्प्रिंग वजनाला योग्य आहे का ते पाहणे किंवा चकत्यांचा क्रम बदलून शॉक कडक-मऊ करणे, यातले काहीही ते करत नाहीत आणि करतो असा दावाही करत नाहीत.

त्यामुळे शेवटचे काम अंगणात झाले. गाडी स्टँडवर उचलून मागच्या आसापासून मडगार्डच्या बोल्टपर्यंतचे अंतर भाच्याने टेपने मोजले, मग मी पूर्ण पोशाखात गाडीवर बसल्यावर तेच अंतर पुन्हा मोजले. सुमारे ३०० मिलिमीटर हालचाल असलेल्या या गाडीत हा फरक १०० मिलिमीटरच्या आसपास असावा लागतो. स्प्रिंगचा नट फिरवून तो १०२ वर आणला, पण मग गाडी स्वतःच्या वजनाने फक्त २० मिलिमीटर बसत होती. हे प्रमाण कमी आहे. याचा अर्थ माझ्या ८६ किलो वजनाला स्प्रिंग मऊ आहे आणि ती आवळूनच मी ती जागा भरून काढतो आहे. शॉक कितीही चांगला बांधला तरी स्प्रिंगचा हा हिशेब वेगळा राहतो आणि पुढची खरेदी तीच असेल.

पहिल्या फेरीला गाडी मागून जड आणि सुस्त वाटली, तेव्हा क्षणभर छातीत धस्स झाले. मग लक्षात आले की मेलेल्या तेलाला सावरण्यासाठी मी पूर्वी आवळून ठेवलेला रिबाउंडचा स्क्रू तसाच होता आणि आता ताज्या तेलावर त्याचा पूर्ण परिणाम होत होता. चाक खड्ड्यातून परत येण्याआधीच पुढचा खड्डा येत होता. सहा टिचक्या मोकळा केल्यावर मागचे चाक जमिनीला धरून चालू लागले. ओढ्याच्या कडेची जी चढण मी वर्षभर उभा राहून, दात आवळून चढत होतो, ती बसून चढता आली. चाळीस मिनिटे न थांबता चालवूनही शॉकचा स्वभाव बदलला नाही.

हँडलवर आता तासांचा मापक लावला आहे आणि त्यावर ११ तास झाले आहेत. ४० तासांवर तेल बदलायला शॉक पुन्हा उद्यमबागेत नेणार आहे आणि या वेळी तेलाचा डबा, मापांची वही आणि रॉडला घालायचे कापडी आवरण सोबत असेल. तिथे जाणाऱ्यांनी शॉक मातीसकट नेऊ नये, घरी धुऊन कोरडा करून न्यावा. मेस्त्री तो घाणेरडा असेल तर उघडत नाहीत, तसाच परत करतात.